माणसाच्या मापाचा झेंडा

“कोणत्या मापाचा पाहिजे?” काउंटरमागच्या बाईंनी विचारलं.

“माणसाच्या मापाचा,” मायाप्पा म्हणाला.

खादीच्या त्या दुकानात दुपारच्या वेळी गिऱ्हाईक असं नव्हतंच. बाहेर नवी पेठ उन्हानं तापली होती, आत पंखा गरगरत होता. महादेवी नावाची ती बाई गेली कित्येक वर्षं तिथे धोतरं, टॉवेल आणि ऑगस्ट-जानेवारीत झेंडे विकत आली होती. पण चैत्रात, तांबडं मुंडासं आणि खांद्यावर घोंगडं असा धनगर येऊन माणसाच्या मापाचा झेंडा मागतो, हे तिच्या बापजन्मात घडलं नव्हतं. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. दोन दिवसांची वाढलेली दाढी पाहिली, सुजलेले डोळे पाहिले आणि पुढचं विचारायचं तिनं टाळलं.

तिनं आतून सहा बाय चारचा झेंडा आणला आणि काउंटरवर पसरला. केशरी, पांढरा, हिरवा. मधे निळं चक्र. मायाप्पानं हात लावला नाही. हात धोतराला पुसले आणि मागे धरले.

“मुलगा?” तिनं हळूच विचारलं.

मायाप्पानं मान हलवली. महादेवी उठून उभी राहिली, पाठोपाठ कोपऱ्यात हिशोब करत बसलेले म्हातारे मालकही उठले, आणि दोघांनी हात जोडले. मालक म्हणाले, याचे पैसे आम्ही घेणार नाही. मायाप्पाला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण या काउंटरसकट आत जावं. असा मान घ्यायचा आपल्याला काडीचाही अधिकार नाही, हे त्याला ठाऊक होतं, आणि त्या दोघांना सांगायची छाती नव्हती.

“जपून न्या, अण्णा,” कागदात गुंडाळून देताना महादेवी म्हणाली. “खाली जमिनीला टेकू देऊ नका.”

“म्हाईत हाय मला,” मायाप्पा म्हणाला आणि पाठ फिरवून चालू लागला.

तर झालं होतं असं. परवा दुपारी माळावर मेंढरं चरत असताना फोन आला. आधी कुणी साहेब हिंदीतून बोलले. त्यातलं मायाप्पाला अर्धंमुर्धं कळलं आणि जे कळलं ते खरं वाटेना. मग त्यांनी फोन चन्नवीरला दिला. चन्नवीर म्हणजे अक्कलकोटकडचा, बिभीषणच्याच तुकडीतला, एका बराकीत राहणारा. तो मराठीत बोलला, म्हणून सगळंच कळलं. बिभीषण गेला होता. कुणी मारला नव्हता, चकमक नव्हती, बर्फ कोसळला नव्हता. त्यानं स्वतःच्या हातानं जीव दिला होता.

मायाप्पा तिथेच मेंढरांत खाली बसला. किती वेळ बसला ते मेंढरांनाच ठाऊक. उठून गावात आला तोवर पोलीस पाटलामार्फत पत्त्याची चौकशी होऊन गेली होती आणि पार माणसांनी भरला होता. सरपंच आबासाहेब पुढे आले, त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, “कसं झालं रं, मायाप्पा?”

समोरून बाळाबाई पळत येत होती, पदराची शुद्ध नव्हती. मायाप्पानं बायकोकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, “लढता लढता गेला.”

एवढंच. पण गावाला तेवढं पुष्कळ झालं. हेच ते गाव, ज्यानं मायाप्पाच्या बापाला जन्मभर ‘ए मेंढक्या’ म्हणून हाक मारली. आणि याच गावानं बिभीषण भरती झाला तेव्हा त्याला जीपमधून मिरवला आणि मायाप्पाला पारावर खुर्ची दिली. खुर्चीवर एकदा बसलेल्या माणसाला पुन्हा खाली बसायला फार जड जातं, मायाप्पाच कशाला, कुणालाही जातं. संध्याकाळपर्यंत वेशीत फलक लागला. शहीद जवान बिभीषण अमर रहे. त्यावर बिभीषणचा वर्दीतला फोटो आणि फोटोखाली आबासाहेबांचं नाव.

दुसऱ्या दिवशी चन्नवीरचा पुन्हा फोन आला. हैदराबादेवरून गाडीनं पेटी घेऊन निघतोय म्हणाला. मग पुढचं सांगितलं. “काका, मनाची तयारी ठेवा. पेटीवर झेंडा नसणार. सलामी नसणार. अशा मरणाला आमच्याकडं ते देत नाहीत.”

मायाप्पा हबकला तो तिथे. पोरगा गेला हे दुःख एवढं मोठं होतं की ते अजून नीट घरात शिरलंच नव्हतं. पण झेंडा नसणार हे त्याला लख्ख दिसलं. उघडी पेटी वेशीतून येताना दिसली, फलकाकडे आणि पेटीकडे आळीपाळीनं पाहणारं गाव दिसलं, बाळाबाईचं तोंड दिसलं. तिला दोन दिवस एकाच गोष्टीचा आधार होता. माझा लेक वाघासारखा गेला, असं ती आल्यागेल्याला सांगत होती. ते ऐकलं की मायाप्पा घराबाहेर जाऊन उभा राहायचा.

म्हणून तो पहाटेच्या एसटीनं सोलापुरात आला होता. पेटीला सामोरं जातो म्हणाला, आणि आला झेंडा विकत घ्यायला. पुडकं छातीशी धरून तो चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून चालत गेला. त्या चौघांकडे त्याला मान वर करून पाहवेना.

चालता चालता त्याला बिभीषणचा पाचवीतला निबंध आठवला. गुरुजींनी झेंड्याच्या रंगांचा अर्थ लिहून आणायला सांगितला होता. मेंढरं वाड्यात घेताना पोरानं विचारलं, आणि मायाप्पानं त्याला सुचेल ते सांगितलं. वरचा पट्टा आपला बिरोबाचा भंडारा, जरा जास्त मळला इतकंच. मधलं पांढरं ती मेंढरं. खालचं हिरवं तो चारा, कागदावर तरी दिसू दे. आणि चाक? चाक म्हणजे आपले पाय. एका जागी थांबत न्हाईत.

पोरानं तसंच्या तसं लिहिलं. गुरुजींनी वर्गात वाचायला लावलं आणि वर्ग खो खो हसला. बिभीषण घरी येऊन स्वतःही हसत होता. लाज वाटली ती मायाप्पाला. दुसऱ्या दिवशी त्यानं शाळेत जाऊन खरं उत्तर विचारून घेतलं आणि पोराकडून पाठ करून घेतलं. केशरी म्हणजे त्याग आणि शौर्य, पांढरा म्हणजे सत्य आणि शांती, हिरवा म्हणजे समृद्धी, चक्र म्हणजे गती. पुढं भरतीच्या तोंडी परीक्षेत म्हणे हाच प्रश्न आला होता, आणि बिभीषणनं घडाघडा सांगितलं होतं.

मंगळवेढ्याच्या रस्त्याला, शहर संपतं तिथे गाडी थांबली. पांढरी रुग्णवाहिका होती. चन्नवीर खाली उतरला, वाकून मायाप्पाच्या पाया पडला आणि मागचं दार उघडलं. आत पेटी होती. पेटी झेंड्यावाचून इतकी उघडी दिसते हे मायाप्पाला माहीत नव्हतं. सुतारानं नुकतीच करून दिल्यासारखी ती होती, कडेला नंबर, आणि पोराचं नाव इंग्रजीत.

मायाप्पा पेटीशेजारच्या बाकावर बसला. हात लावावा की नाही हे त्याला कळेना, मग त्यानं लावला. लाकूड उन्हानं तापलं होतं. गाडी चालू झाली. तिऱ्हे गावाच्या पुढे गेल्यावर त्यानं पुडकं सोडलं.

“काका, हे काय?” चन्नवीर दचकला.

“पांघरूण हाय.”

“हे घालता येत नाही, काका. गुन्हा आहे. तुमच्यावर केस होते आणि माझी नोकरी जाते.”

“माझ्यावर हू दे की केस.” मायाप्पाचा आवाज चढला. “त्यो रोज सकाळी ह्या झेंड्याखाली हुबा ऱ्हायला का न्हाय?”

“राहिला.”

“थंडीवाऱ्यात?”

“राहिला, काका.”

“मग आता ह्यो झेंडा त्येच्यावर का न्हाय?”

चन्नवीरनं टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि तिच्याकडे पाहत बसला. “मला विचारू नका,” तो म्हणाला. “नियम मी केलेला नाही. माझ्या हातात असतं तर मी माझा शर्ट घातला असता त्याच्यावर.”

कामती मागं पडली. मायाप्पाचा फोन वाजला. आबासाहेब होते आणि तावातावानं बोलत होते. तहसीलमध्ये कुणाला पत्ता नाही, पोलीस ठाण्यात सलामीचा निरोप नाही, आपल्या जवानाची अशी हयगय आपण चालू देणार नाही, आता सरळ जिल्ह्याला फोन लावतो.

“नगा लावू,” मायाप्पा म्हणाला.

“का?”

“सायेब लोक येणार न्हाईत म्हणालेत. तितं काम चालू हाय त्येंचं. तुमी काय बी करू नगा, सरपंच. तुमच्या पाया पडतो.”

“आरं, मान हाय तुझ्या पोराचा—”

मायाप्पानं फोन बंद केला. एका शब्दानं सुरुवात झाली होती आणि आता त्या शब्दाला सांभाळायला रोज नवं खोटं लागत होतं. जिल्ह्याला फोन गेला की तिकडून कुणीतरी खरं सांगणार. ते लाऊडस्पीकरवरून सांगितल्यासारखं गावभर होणार, आणि बाळाबाई ते चारचौघांत ऐकणार. निदान झेंडा दिसला तर फोन करणारे हात थांबतील, पोराची माती होऊन जाईल, पुढचं पुढं. याच्यापलीकडे त्याला काही सुचत नव्हतं.

बेगमपूरचा पूल दिसू लागला तसा तो चन्नवीरकडे वळला. “पोरा, घालू देतोस का न्हाय? न्हाय तर गाडी हितं थांबव. खाली भीमा हाय. मी गावात तोंड दावणार न्हाय.”

एकाला चन्नवीर अडवू शकला नव्हता. बराकीत आठ पावलांवर बिभीषणची खाट होती आणि त्याला कळलं नव्हतं; आता हा दुसरा त्याच्या समोर बसून तेच बोलत होता. त्यानं मायाप्पाचं मनगट गच्च धरलं आणि पूल संपेपर्यंत सोडलं नाही. पूल संपल्यावर सोडलं आणि खिडकीकडे तोंड केलं. “घाला,” तो म्हणाला.

मायाप्पानं झेंडा पसरला. चन्नवीरनं तिरक्या नजरेनं पाहिलं आणि त्याला राहवेना. तो उठला, झेंड्याची दोन टोकं धरून त्यानं तो उलटा फिरवला.

“केशरी डोक्याकडं असतो, काका,” तो म्हणाला. मग चारी बाजूंनी त्यानं तो इतका नीट बसवला की एक सुरकुती राहू दिली नाही, आणि बसवून झाल्यावर तो रडू लागला.

वेशीत सगळं गाव उभं होतं. तिरंगी रांगोळी होती, शाळेतली पोरं कागदी झेंडे घेऊन दोन्ही अंगांना उभी केली होती. दार उघडलं, झेंडा दिसला आणि एकच गजर झाला. बिभीषण अमर रहे. आबासाहेबांनी डोळे पुसले. मायाप्पाला वाटलं, निभलं.

पेटी अंगणात टेकवली. घरातून बाळाबाई आली. तिच्या एका हातावर घडी केलेलं काळं घोंगडं होतं. बिभीषण जन्मला तेव्हा त्याला ज्यात गुंडाळला होता तेच ते. दुसरी मूठ पिवळीधम्मक होती. धनगराच्या घरात माणूस जातं तेव्हा त्याच्या कपाळाला बिरोबाचा भंडारा लागतो आणि अंगावर घोंगडं पडतं. भंडाऱ्यावाचून गेलेल्याला देव ओळखत नाही, असं बाळाबाईच्या आईनं तिला सांगितलं होतं, आणि यात खरंखोटं करायला ती बसली नव्हती. तिनं मूठ उचलली.

आबासाहेबांनी तिचा हात वरच्या वर धरला. धरला तोही मायेनंच. “वैनी, न्हाय. झेंड्यावर काय बी टाकायचं नसतं. भंडारा न्हाय, घोंगडं बी न्हाय. झेंड्याचा मान हाय.”

“माझ्या लेकाला भंडारा नगं?”

“झेंड्याच्या वर काय नसतं, वैनी.”

बाळाबाईनं वाद घातला नाही, मोठी माणसं सांगतायत म्हणजे तसंच असेल. पण वर उचललेली ती मूठ खाली कशी घ्यायची, कुठे रिकामी करायची, हे तिला कळेना. ती तशीच उभी राहिली. बोटांच्या फटीतून भंडारा सांडत होता, पोराच्या अंगावर नाही, अंगणातल्या धुळीत.

ते मायाप्पानं पाहिलं. बायकोला आधार व्हावा म्हणून त्यानं झेंडा आणला होता, आणि त्याच झेंड्यानं तिचा हात अडवला होता. आता पेटी अशीच जाणार. आई समोर असून पोर परक्यासारखं देवाकडे जाणार.

तेवढ्यात बिभीषणची बायको सोनाली पुढे आली. त्याची सून दोन दिवसांत कुणाशी एक शब्द बोलली नव्हती. सगळे म्हणत होते, धक्का बसलाय. ती मायाप्पाच्या अगदी जवळ आली आणि हळू बोलली.

“मामा, काढा त्ये.”

“सोनाली—”

“मला म्हाईत हाय. शेवटचा फोन मलाच आलता. लई दिस रजा मागत व्हते त्ये.” तिनं एकदा पेटीकडे पाहिलं. “रजा मागितली हुती त्येंनी. झेंडा न्हवता मागितला.”

म्हणजे हिला पहिल्यापासून माहीत होतं. सासऱ्याचं खोटं ही दोन दिवस गिळून बसली होती, सासूसाठी, त्याच्यासाठी, आणि हिच्यासाठी कुणीच काही केलं नव्हतं.

तो पेटीजवळ गेला. दोन्ही हातांनी त्यानं झेंडा उचलला. गजर थांबला.

“सरपंच,” तो म्हणाला. मागच्यांना ऐकू जावं म्हणून त्यानं पुन्हा सांगितलं. “सरपंच, माझं पोरगं लढून न्हाय गेलं. त्येनं सोताचा जीव दिला. ह्यो झेंडा सरकारनं न्हाय घातला. मी सोलापुरातनं आणला. मी लबाड बोललो. ज्येला थांबायचं त्येनं थांबा, ज्येला जायचं त्येनं जा.”

गावाला शिव्या द्यायला येतात, गजर करायला येतो. अशा वेळी काय करायचं ते कुणी शिकवलेलं नसतं. गुरुजींनी पोरांना हळूच रांगेत वळवलं. मागची माणसं आधी हलली, मग मधली. आबासाहेबही चपला घालून निघाले. फलक काढायला हवा, एवढंच त्यांनी जाता जाता कुणाला तरी सांगितलं. अंगणात धनगरवाड्यातली माणसं तेवढी उरली.

बाळाबाईनं सगळं ऐकलं होतं. मायाप्पा तिच्याकडे पाहायला भीत होता. ती पेटीपाशी खाली बसली, झाकण काढायला लावलं आणि पोराच्या तोंडावरून हात फिरवला.

“कसा गेला त्ये मला नगा सांगू,” ती म्हणाली. “घरी आला न्हवं माजा.” आणि मुठीत राहिलेला भंडारा तिनं त्याच्या कपाळाला लावला, गालांना लावला, वर्दीवर उधळला. “बिरोबाच्या नावानं चांगभलं.” उरलेल्या माणसांनी साथ दिली. सोनालीनं घोंगडं उलगडून अंगावर घातलं आणि पायांच्या बाजूनं खोचलं, निजलेल्या माणसाचं खोचतात तसं.

आता खांदा द्यायचा होता. मायाप्पाच्या हातात झेंडा होता. खाली ठेवता येईना, जमिनीला टेकवायचा नाही. काखेत मारता येईना. त्यानं शेजारच्या माणसापुढे धरला, तो एक पाऊल मागे सरला. दुसराही सरला. केसला भिऊन की मरणाला, कोण जाणे. बाप आपल्या लेकाला खांदा देऊ शकेना आणि हातातलं कुणी घेईना.

चन्नवीर पुढे आला. त्यानं टोपी डोक्यावर घातली, दोन्ही तळहात पुढे केले आणि झेंडा घेतला. मोठ्या साहेबानं पेटीवरून उचलून द्यावा आणि आपण घ्यावा, तसा घेतला. घडी घातली आणि छातीशी धरून तो पेटीच्या मागून चालू लागला.

वाट मेंढरांच्या वाड्यावरून जात होती. बिभीषणचा फोन आला की ख्यालीखुशाली झाल्यावर तो दर वेळी एकच विचारायचा, आप्पा, मेंढरं कशी हायत? आणि मायाप्पा दर वेळी वैतागायचा. बंदुकीवाला माणूस तू, मेंढरांचं काय विचारतोस, हायत की समदी, म्हणून विषय मोडायचा. पोराला त्या माळावर परत यायचं होतं, एवढं साधं त्या बापाला उमगलं नव्हतं.

खड्ड्याशी पेटी टेकवली. मायाप्पानं मूठभर माती उचलली आणि गुडघ्यावर बसला. माती टाकायच्या आधी तो खाली वाकला, पोराच्या कानाशी बोलावं तितका.

“बरी हायत मेंढरं,” तो म्हणाला. “बोड्या कानाची व्याली. दोन दिलीत तिनं, येक पांढरं, येक काळ्या तोंडाचं. काळ्या तोंडाचं लई वढाळ हाय, सारकं पळतंय, तू कसा पळायचास तसं. पायात मोडलेली ती लंगडी मेंढी आता बरी चालती. वाड्याचं कुपाण नवं केलं. पाणी आटलंय, पर हितं खाली वड्याला चारा हाय अजून थोडा. हिरवा हाय.”

लोक थांबले होते. मायाप्पा सांगत राहिला. एकेक मेंढी घेऊन सांगत राहिला, आणि त्याला कुणी घाई केली नाही.